आधी उत्पन्न सांगा

२०१४ च्या आधी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ज्याला नोकरीतून आरोग्य विमा मिळत नसे, तो स्वतःच्या खिशातून पॉलिसी घ्यायला गेला की त्याच्या हातात प्रश्नांचा कागद पडायचा. मधुमेह आहे का? दम्याचं औषध कधी घेतलंय का? पाठीचं ऑपरेशन झालंय का? गरोदर आहात का? एखाद्या ‘हो’ने अर्ज फेटाळला जाई, नाहीतर तो आजार वगळून पॉलिसी मिळे, नाहीतर हप्ता झेपेनासा होई. बाईला बहुतेक राज्यांत पुरुषापेक्षा जास्त हप्ता पडायचा आणि बाळंतपणाचा खर्च अनेक पॉलिसींत धरलेलाच नसायचा. थोडक्यात, ज्याला विम्याची खरी गरज, त्यालाच विमा मिळत नव्हता.

आज हाच माणूस मार्केटप्लेसवर, म्हणजे विमा निवडायच्या सरकारी वेबसाइटवर गेला, तर तंबाखूची एक चौकशी सोडता त्याच्या तब्येतीबद्दल कंपनी काहीही विचारू शकत नाही. वय किती, राहता कुठे, घरात कोण कोण, आणि वर्षाचं उत्पन्न किती, मुख्यतः एवढंच विचारलं जातं. त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात जड आहे. हप्ता किती भरायचा, सरकार किती भरणार, दवाखान्यात खिशातून किती जाणार, हे सगळं उत्पन्नाच्या एका आकड्यावर ठरतं. अमेरिकेत राहणारी आपली माणसं पॉलिसी निवडताना तासन्‌तास डॉक्टरांच्या याद्या चाळतात आणि उत्पन्नाच्या रकान्यात मात्र अंदाजपंचे आकडा टाकून पुढे जातात. नुकसान तिथेच होतं, म्हणून या प्रकरणाचा मोठा भाग त्या रकान्याबद्दल आहे.

विमा नोकरीला चिकटला कसा, हे आधी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात महागाई आवरण्यासाठी अमेरिकन सरकारने १९४२ मध्ये पगारवाढीवर बंधनं घातली. कामगार तर हवे होते. मग कारखानदार पगाराऐवजी आरोग्य विम्यासारख्या सवलती देऊ लागले, कारण त्या पगारात मोजल्या जात नव्हत्या. १९५४ च्या कर कायद्याने अशा विम्यावर कर नाही हे पक्कं केलं आणि ती तात्पुरती सोय कायमची व्यवस्था होऊन बसली. पुढे वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड १९६५ मध्ये आलं. मधले लोक मात्र उघड्यावरच राहिले: छोटे दुकानदार, टॅक्सीवाले, कंत्राटी कामगार, नोकरी गेलेले, साठीच्या आसपास निवृत्त झालेले.

२३ मार्च २०१० रोजी बराक ओबामांनी सही केलेला ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’ या मधल्या लोकांसाठी होता. १ ऑक्टोबर २०१३ रोजी मार्केटप्लेस उघडलं. हेल्थकेअर डॉट गव्ह ही सरकारी वेबसाइट पहिल्याच दिवशी कोलमडली आणि त्यावरून देशभर टीका झाली. तरी १ जानेवारी २०१४ पासून पॉलिसी सुरू झाल्या. पहिल्या वर्षी सुमारे ८० लाख लोकांनी नोंदणी केली होती. २०२५ मध्ये तो आकडा २ कोटी ४० लाखांच्या वर गेला. आज वीसेक राज्यांची स्वतःची मार्केटप्लेस आहेत, जसं कॅलिफोर्नियाचं ‘कव्हर्ड कॅलिफोर्निया’ किंवा न्यू जर्सीचं ‘गेट कव्हर्ड एनजे’. टेक्साससारखी बाकीची राज्यं केंद्र सरकारच्या वेबसाइटवर चालतात. पॉलिसी विकतात खासगी कंपन्याच. सरकार नियम ठरवतं आणि पात्र माणसाच्या वतीने हप्त्याचा काही भाग भरतं.

इथे भारतातून गेलेल्या माणसाला एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे पॉलिसी घेताना पहिला प्रश्न असतो, कव्हर किती लाखांचं? पाच लाखांचं घेतलं तर त्या वर्षात कंपनी पाच लाखांपर्यंत देणार, पुढचं आपलं आपण. मार्केटप्लेसच्या पॉलिसीत मर्यादा उलट्या बाजूला आहे. कायद्याने ठरवलेल्या दहा प्रकारच्या आवश्यक सेवांसाठी कंपनीने किती द्यावं याला वर्षाचीही मर्यादा नाही आणि आयुष्याचीही नाही. मर्यादा आहे ती तुमच्या खर्चावर. २०२६ मध्ये एका माणसाला नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-दवाखान्यांतल्या उपचारांसाठी वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त १०,६०० डॉलर जातील, कुटुंबाला २१,२००. त्यानंतर कॅन्सरचं बिल पाच लाख डॉलर झालं तरी ते कंपनीचं. हप्ता या मर्यादेत धरत नाहीत आणि नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचं बिलही धरत नाहीत, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवावं. मोठ्यांचे दात आणि चष्मा हेही सहसा या पॉलिसीत नसतात.

पॉलिसींना धातूंची नावं आहेत: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. ही प्रत नव्हे. डॉक्टर तेच असू शकतात, औषधंही तीच. फरक खर्चाच्या वाटणीत आहे. सर्वसाधारण लोकसंख्येचा खर्च धरला तर ब्राँझमध्ये सरासरी ६० टक्के कंपनी देते, सिल्व्हरमध्ये ७०, गोल्डमध्ये ८०, प्लॅटिनममध्ये ९०. ब्राँझचा हप्ता कमी, पण डिडक्टिबल, म्हणजे कंपनीने हात घालण्याआधी तुम्ही भरायची रक्कम, मोठी. वार्षिक तपासणी, लसी, मॅमोग्रामसारख्या प्रतिबंधक सेवांना कुठल्याच धातूत डिडक्टिबल लागत नाही.

आता उत्पन्नाकडे येऊ.

केंद्र सरकार दरवर्षी दारिद्र्यरेषेचा आकडा जाहीर करतं. २०२६ च्या पॉलिसींसाठी २०२५ चा आकडा धरतात: एकट्या माणसाला १५,६५० डॉलर, पुढच्या प्रत्येक माणसामागे ५,५०० जास्त. म्हणजे चौघांच्या घराला ३२,१५०. तुमचं उत्पन्न या रेषेच्या किती पट आहे यावरून सरकार ठरवतं की उत्पन्नाचा किती टक्के भाग तुम्ही हप्त्यावर खर्च करणं वाजवी आहे. मग तुमच्या भागातली, तुमच्या वयाची, दुसऱ्या क्रमांकाची स्वस्त सिल्व्हर पॉलिसी घेतात. तिचा हप्ता वजा तुमचा वाजवी वाटा, म्हणजे तुमचं टॅक्स क्रेडिट. ही रक्कम तुम्ही कुठल्याही धातूच्या पॉलिसीला लावू शकता आणि सरकार ती दरमहा परस्पर कंपनीला देऊ शकतं. म्हणून तर वेबसाइटवर एकाच पॉलिसीचा हप्ता शेजारच्या घरापेक्षा तुम्हाला निम्मा दिसू शकतो.

मूळ कायद्यात ही मदत रेषेच्या एकपट ते चौपट उत्पन्नालाच होती. चौपटीच्या वर एक डॉलर गेला की मदत शून्य. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने ही वरची हद्द काढून टाकली आणि कोणालाही सिल्व्हरच्या त्या हप्त्यासाठी उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त द्यावं लागणार नाही असं केलं. पुढे २०२२ च्या कायद्याने ही सवलत २०२५ अखेरपर्यंत वाढवली. ती पुढे चालू ठेवावी की नाही यावरून १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असं ४३ दिवस अमेरिकन सरकारचं कामकाज बंद पडलं. तरीही सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. चौपटीची ती कडा पुन्हा समोर आली आणि २०२६ साठी वरच्या टोकाचा वाजवी वाटा ९.९६ टक्के झाला.

ही कडा किती खडी आहे ते एका काल्पनिक हिशेबात पाहू. साठ वर्षांचा एकटा माणूस, छोटं कन्सल्टिंग करतो. त्याच्या भागातल्या त्या सिल्व्हर पॉलिसीचा हप्ता महिना १,१०० डॉलर धरू, म्हणजे वर्षाला १३,२००. अर्ज करताना त्याने उत्पन्न ६०,००० लिहिलं. त्याचा वाटा ९.९६ टक्क्यांनी ५,९७६ डॉलर. उरलेले ७,२२४ डॉलर सरकार वर्षभर कंपनीला भरत राहिलं. त्याच्यासाठी चौपटीची रेषा आहे ६२,६०० वर. वर्ष संपल्यावर कर भरताना लक्षात आलं की पुण्याच्या बँकेतल्या एनआरई ठेवीचं ३,००० डॉलर व्याज धरायचं राहिलं. भारतात त्या व्याजावर कर नाही, पण अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत दाखवायला बांधील आहे. उत्पन्न झालं ६३,०००. रेषा ४०० डॉलरने ओलांडली आणि आधी मिळालेले ७,२२४ डॉलर पूर्ण परत करायची वेळ आली.

या माणसाला वाट आहे का? त्याने ब्राँझ पॉलिसी घेतली असेल तर आहे. २०२६ पासून मार्केटप्लेसवरच्या सगळ्या ब्राँझ पॉलिसींबरोबर हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट उघडता येतं. एकट्या माणसाला त्यात २०२६ साठी ४,४०० डॉलर घालता येतात, पंचावन्न पूर्ण असतील तर आणखी १,०००. घातलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि ती पुढच्या वर्षी कर भरण्याच्या १५ एप्रिलच्या मुदतीपर्यंत घालता येते. त्याने ३,००० डॉलर घातले की उत्पन्न पुन्हा ६०,००० वर आलं आणि मदत शाबूत राहिली. पैसे त्याच्याच खात्यात आहेत, औषधपाण्याला वापरता येतात. हे फेब्रुवारीत कळलेल्या माणसाचे सात हजार वाचतात, मे महिन्यात कळलेल्याचे नाही.

कर भरताना हा ताळा सगळ्यांनाच द्यावा लागतो. जानेवारीच्या सुमारास मार्केटप्लेसकडून १०९५-ए हा फॉर्म येतो, त्यावरून ८९६२ हा फॉर्म भरायचा. २०२५ पर्यंत उत्पन्न चौपटीच्या आत असलं तर परतफेडीच्या रकमेला मर्यादा होती. २०२६ च्या उत्पन्नापासून ती मर्यादा गेली आणि जास्त मिळालेला प्रत्येक डॉलर परत करावा लागतो. या व्यवस्थेवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे. पगारदाराला पुढच्या वर्षाचं उत्पन्न सांगता येतं. उबर चालवणाऱ्याला, घरून केक विकणाऱ्या बाईला, नाचाचे वर्ग घेणारीला ते कसं सांगता यावं? ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांनाच ज्योतिष्याचं काम दिलं गेलं. म्हणून उत्पन्न बदललं की वर्ष संपायची वाट न पाहता मार्केटप्लेसवर जाऊन आकडा दुरुस्त करावा. मदत सहसा पुढच्या महिन्यापासून कमीजास्त होते आणि एप्रिलमधला धक्का टळतो.

मदतीचा दुसरा प्रकार कमी लोकांना ठाऊक आहे आणि अल्प उत्पन्नाच्या माणसाला तोच जास्त उपयोगी पडतो. उत्पन्न रेषेच्या अडीच पटीपर्यंत असेल, एकट्याला सुमारे ३९,००० डॉलर, तर सिल्व्हर पॉलिसीचं डिडक्टिबल आणि को-पे, म्हणजे दर भेटीला भरायची ठरावीक रक्कम, कायद्याने कमी होतात. दीडपटीच्या आत, म्हणजे एकट्याला साधारण २३,५०० पर्यंत उत्पन्न असेल तर कंपनीचा सरासरी वाटा ७० वरून ९४ टक्क्यांवर जातो. प्लॅटिनमपेक्षाही जास्त! दुपटीच्या आत तो ८७ टक्के, अडीच पटीच्या आत ७३. अट एकच, पॉलिसी सिल्व्हरच हवी. तिथेच घोटाळा होतो. टॅक्स क्रेडिट लावल्यावर ब्राँझचा हप्ता काही ठिकाणी शून्यावर येतो, शून्य पाहून माणूस ब्राँझवर बोट ठेवतो आणि पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं की हजारो डॉलरचं डिडक्टिबल समोर उभं राहतं. पंचवीस-तीस डॉलर वाचवण्यासाठी ९४ टक्क्यांची पॉलिसी सोडलेली असते. अल्प उत्पन्नाच्या माणसाने शून्य हप्त्याला भुलू नये, सिल्व्हरची किंमत पाहिल्याशिवाय तर नाहीच.

या सवलतीपोटी सरकार कंपन्यांना पैसे देत असे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने ते बंद केले. कायद्याने सवलत तर द्यावीच लागणार, म्हणून कंपन्यांनी तो खर्च बहुतेक ठिकाणी सिल्व्हरच्या हप्त्यावर चढवला. सिल्व्हर महागलं, सिल्व्हरवरून मोजलं जाणारं टॅक्स क्रेडिट त्यामुळे वाढलं आणि काही भागांत गोल्ड सिल्व्हरपेक्षा स्वस्त झालं. अडीच पटीच्या वर उत्पन्न असलेल्याने गोल्डचा हप्ता पाहून ठेवावा तो यासाठी.

तळाला मात्र एक भोक राहिलं. एकपटीच्या खालच्या लोकांना मेडिकेड मिळेल असं धरून कायदा लिहिला होता. २८ जून २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण मेडिकेड वाढवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं. टेक्सास, फ्लोरिडासह दहा राज्यांनी ते अजून पूर्णपणे वाढवलेलं नाही. त्यांतल्या बहुतेक राज्यांत मूलबाळ नसलेला, १२,००० डॉलर कमावणारा धडधाकट माणूस मेडिकेडला पात्र नाही आणि टॅक्स क्रेडिटलाही नाही. १६,००० कमावणाऱ्याला मदत मिळते, त्याच्याहून गरिबाला नाही. श्रीमंत देशाच्या कायद्यात ही गोष्ट इतकी वर्षं तशीच राहावी, याचं मला समर्थन सापडत नाही. कायदा मोडीत काढण्याचे प्रयत्नही कमी झाले नाहीत. जुलै २०१७ मध्ये सिनेटमधला एक प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅककेन यांनी अंगठा खाली करून दिलेलं मत त्यात निर्णायक ठरलं.

अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांचा विमा नोकरीतून येतो, त्यामुळे मार्केटप्लेसशी गाठ पडते ती दोन प्रसंगी. पहिला ले-ऑफ. नोकरीचा विमा संपल्यापासून ६० दिवसांत मार्केटप्लेसवर पॉलिसी घेता येते. एरवी १ नोव्हेंबरला नोंदणी उघडते आणि १ जानेवारीपासून विमा हवा तर सहसा १५ डिसेंबरपर्यंत पॉलिसी निवडावी लागते, पण नोकरी जाणं, लग्न, बाळ, राज्य बदलणं यासाठी हे ६० दिवस वेगळे मिळतात. कोब्रा हा दुसरा पर्याय: जुनीच पॉलिसी सहसा १८ महिने चालू, पण नोकरी देणाऱ्या कंपनीचा वाटाही तुम्ही भरायचा, वर दोन टक्के. ऑक्टोबरात नोकरी गेली आणि वर्षाचं डिडक्टिबल भरून झालं असेल तर कोब्रा परवडू शकतं, कारण नवी पॉलिसी घेतली की डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून. पण कोब्रा घेऊन चार महिन्यांनी महाग वाटतं म्हणून सोडलं, तर मार्केटप्लेसचं दार पुढच्या नोंदणीपर्यंत बंद. निर्णय त्या साठ दिवसांतच करावा लागतो.

दुसरा प्रसंग आईवडिलांचा. पाहुणे म्हणून सहा महिने आलेल्या आईवडिलांसाठी मार्केटप्लेस नाही. त्यांना व्हिजिटर इन्शुरन्स घ्यावा लागतो आणि त्यात जुने आजार सहसा पूर्ण धरत नाहीत. ग्रीन कार्डवर कायम राहायला आले की चित्र बदलतं. पासष्टीच्या पुढचे असले तरी पहिली पाच वर्षं त्यांना सहसा मेडिकेअर मिळत नाही. तोवर मार्केटप्लेसची पॉलिसी त्यांना घेता येते, मधुमेह असो वा बायपास झालेली असो. हे फार मोठं वरदान आहे. हप्ता मात्र सगळ्यात वरच्या वयाचा पडतो, तरुणाच्या तिप्पटीपर्यंत. न्यूयॉर्क आणि व्हरमाँट या राज्यांत वयावरून हप्ता बदलत नाही, तिथल्या मुलांना हा दिलासा आहे.

मदतीचं काय? २०२५ पर्यंत ग्रीन कार्डवर नव्याने आलेल्या, मेडिकेड न मिळणाऱ्या आईवडिलांचं उत्पन्न रेषेखाली असलं तरी टॅक्स क्रेडिट मिळत असे. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने २०२६ पासून ते बंद केलं. दोघांसाठी रेषा २१,१५० डॉलर आहे. महिना साठ हजार रुपये पेन्शन घेणाऱ्या निवृत्त शिक्षक दांपत्याचं उत्पन्न डॉलरमध्ये तिच्या निम्म्यालाही पोचत नाही. मुलाने त्यांना आपल्या करपत्रकात आश्रित दाखवलं तर हिशेब मुलाच्या उत्पन्नावरून होतो. आईवडील धरून सहा जणांच्या घराची चौपट आहे १,७२,६००; नवराबायको दोघं आयटीत असले की ती सहज ओलांडली जाते. दोन्हीकडून वाट बंद होते आणि पूर्ण हप्ता खिशातून भरावा लागतो. आईवडिलांच्या ग्रीन कार्डचा अर्ज करण्याआधीच आपल्या काउंटीतल्या सिल्व्हर पॉलिसीचा त्यांच्या वयाचा हप्ता वेबसाइटवर पाहावा आणि तो पाच वर्षं झेपेल का, याचा हिशेब घरात बसून करावा. ते अमेरिकेत आल्यावर करायचा हा हिशेब नव्हे.

त्याच कायद्यातली आणखी एक तरतूद १ जानेवारी २०२७ पासून लागू होते. तेव्हापासून अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांपैकी टॅक्स क्रेडिट ग्रीन कार्डधारकांना आणि काही मोजक्या गटांनाच मिळेल. एच-१बी आणि एच-४ व्हिसावरची माणसं मार्केटप्लेसवरून पॉलिसी घेऊ शकतील, तब्येतीचा प्रश्न त्यांनाही विचारला जाणार नाही, पण हप्ता पूर्ण भरावा लागेल. एच-१बीवर असताना नोकरी गेली तर देशात राहण्यासाठी सहसा ६० दिवस मिळतात आणि पॉलिसी घ्यायलाही ६० दिवसच. म्हणून व्हिसावर असलेल्या प्रत्येक घराने चार-सहा महिन्यांचा पूर्ण हप्ता भागेल एवढी रक्कम वेगळी काढून ठेवावी. पॉलिसी शोधताना पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ आहे ना, किंवा तिथूनच आपण राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आलो ना, हे पाहावं. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी वेबसाइटवर जुने आजार वगळणाऱ्या पॉलिसी आजही विकल्या जातात. अर्ज भरायला नॅव्हिगेटर, म्हणजे प्रशिक्षित मदतनीस, मोफत मदत करतात आणि सरकारी फोनवर दुभाषी मागता येतो, त्याचेही पैसे पडत नाहीत.